म्याडमची विहीर

नायगावहून देगलूरकडं जाताना डाव्या हाताला एक फाटा फुटतो. त्या फाट्याच्या आतल्या गावात मला भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून कुणी ओळखत नाही. पँटवाली बाई म्हणून मात्र सगळे ओळखतात. आता मी नातवंडांची आजी आहे, सुती साडी नेसते, गुडघ्यांना पट्टे बांधते. तरी पारावर बसलेला कुणीतरी म्हातारा विचारतोच, "म्याडम, त्या पँटीचं काय केलं वो?" तिची पिशवी शिवली आणि फाटेपर्यंत तिच्यातून दगड वाहिले, हे खरं उत्तर मी देत नाही. त्यांची निराशा कशाला करा.

ती पँट घालणारी मुलगी मला आज रस्त्यात भेटली तर मी पदर तोंडाला लावून दुसऱ्या गल्लीत शिरेन. लातूरच्या आडत दुकानदाराची लेक, पुण्याला भूगर्भशास्त्र शिकून आलेली, आणि येताना 'लई' हा शब्द पुण्यातच सोडून आलेली. आई शेजारणीला सांगायची, "दोन वर्षांत पोरगी 'खूप' म्हणायला लागली. आणखी दोन वर्षं ठेवली असती तर आम्हाला वळखलंच नसतं." नांदेडला कॉलेजात नोकरी लागली तेव्हा मी कमरेला भूगर्भवाल्यांचा हातोडा अडकवून भाजी आणायला जात असे. डोक्यावर हॅट. भाजीवाल्या मला एका दमात खरा भाव सांगून मोकळ्या व्हायच्या. मला वाटायचं, ज्ञानाचा दरारा आहे.

कॉलेजात एक यंत्र होतं. जमिनीत चार सळया ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची आणि आतल्या दोन सळयांवर मोजायचं की जमीन त्या विजेला किती अडवते. सळया लांब लांब नेल्या की वीज खोल खोल जाते. कोरडा दगड विजेला अडवतो, ओली जमीन सोडते. त्यावरून खाली पाणी कुठं आहे ते ताडायचं. सगळं शास्त्र इतकंच. पण मी ते अशा चेहऱ्यानं सांगायचे की जणू पृथ्वीनं तिच्या पोटातलं फक्त मला एकटीला सांगितलंय.

तर त्या फाट्याच्या आतल्या गावातल्या एका शेतमालकानं मला बोलावलं. घर खातंपितं होतं, एक विहीर होतीच, पण त्याला उसाची हौस आली होती आणि दुसरी विहीर खोदायची होती. मी गेले, पँट घालून. अख्खं गाव बांधावर बसलं. मालकाची बायको नुकती लग्न होऊन आलेली, माझ्याच वयाची. ती चहा घेऊन आली आणि सळयांकडं बघत मला हळूच म्हणाली, "करंट लावल्यावर जिमिनीला दुखत न्हाई का वो?"

"जमीन निर्जीव असते," मी म्हणाले. अगदी पुणेरी 'निर्जीव'. ती बिचारी कप घेऊन मागे सरकली.

दुपारभर मी आकडे घेतले, लिंबाखाली बसून आलेख काढला आणि उठून उभी राहिले. आलेखात मधोमध एक झकास खड्डा पडला होता. तिथं वीज सुळकन जात होती, म्हणजे पाणी. मी टाच आपटून जागा दाखवली. "इथं खोदा. पाणी लागणारच."

"साधारण किती खोल, म्याडम?"

मी फूट सांगितले. 'साधारण' हा शब्द त्यांनी वापरला होता, मी नाही.

यारी लागली, सुरुंग लागले. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभा करतात तो दगडमाती वर ओढणारा सांगाडा. वरचा मुरूम गेला, मग आपला नेहमीचा काळा पाषाण लागला. माझं सगळं बरोबर चाललं होतं. मग मी सांगितलेल्या खोलीवर बरोबर एक मऊ थर लागला. तांबडी-हिरवी चिकणमाती, हाताला ओलसर. मालकानं निरोप पाठवला, ओल लागली. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेढे दिले. महिन्याभरानं दुसरा निरोप आला की मातीच्या खाली गुलाबी दगड लागलाय, त्यात दोन पुरुष खोल गेलो, छिन्नी तुटून राहिली, आणि पाण्याचा पत्ता नाही.

आता चिकणमातीचं असं असतं की ती पाणी पोटात धरून बसते आणि एक थेंब सोडत नाही. विजेला काय, ओलावा दिसला की ती खूश. यंत्राला फरक कळला नाही. मला कळायला हवा होता. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात तो धडा होता आणि त्या तासाला मी बहुतेक हॅट घ्यायला गेले होते.

मी धावत गावात गेले. यारीच्या टोपलीत बसून खाली उतरले आणि टोपलीतच उभी राहिले. डोक्याच्या वर काळा दगड, पायाखाली गुलाबी दगड, आणि मध्ये हातभर जाडीची ती माती. वरचा काळा म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून आलेला लाव्हा. खालचा गुलाबी अडीचशे कोटी वर्षांचा ग्रॅनाईट. दोघांच्या मधला सगळा काळ त्या हातभर मातीत. लातूरकडं हा काळा दगड इतका जाड आहे की खालचं काही दिसत नाही. इथं पूर्वेला तो पातळ होत होत संपतो. पण जिथं संपतो तिथं सगळीकडं शेतं आहेत, माती आहे, बाभळी आहेत. अशी उघडी, सरळ कापलेली, चारी बाजूंनी दिसणारी भिंत मी कुठंच पाहिली नव्हती. पुस्तकातही नाही.

मी वर आले ती चेहऱ्यावर दिवाळी घेऊनच. काठावरच्या माणसांनी माझा चेहरा पाहिला आणि मालकाची आई हळदीकुंकू आणायला घराकडं पळाली. आमच्याकडं विहिरीला पाणी लागलं की सवाष्णी तिची ओटी भरतात, खण, नारळ, तांदूळ, सगळं. मालकानं नारळ सोलायला घेतला. आणि मी त्यांना अडीचशे कोटी वर्षं समजावून सांगायला लागले. हातवारे करून, मातीवर रेघा काढून, मध्येच इंग्रजीत.

सगळं ऐकून घेतल्यावर मालक शांतपणे म्हणाला, "म्याडम, अडीचशे कोटी वर्षांत तिथं एक घागर पाणी बी न्हाई साचलं?"

ओटीचं ताट परत गेलं. त्यांनी पुढच्याच वर्षी ओढ्याच्या कडेला, मला न विचारता, दुसरी विहीर खोदली. तिला पाणी लागलं, तिची ओटी भरली, तिच्यावर ऊस झाला. माझ्या खड्ड्याला गाव 'म्याडमची विहीर' म्हणायला लागलं. कुणाचं काम फसलं की, "काय, म्याडमची विहीर झाली का?" असं विचारतात, हे मला फार नंतर कळलं.

आणि मी? मी त्या खड्ड्यावर मोठी झाले. त्यावर माझा पहिला निबंध छापून आला, त्यावर पीएच.डी. झाली. दरवर्षी हिवाळ्यात विद्यार्थी घेऊन मी तिथं जायचे. काठावरच्या लिंबाला दोर बांधून एकेकाला खाली सोडायचं, तो मातीच्या थराशी गरगर फिरत लटकायचा आणि मी वरून ओरडायचे, "काय दिसतंय?" "भिंत, मॅडम." "भिंतीत काय?" तोवर तो दुसरीकडं तोंड करून फिरलेला असायचा. मालकीण, म्हणजे ती तेव्हाची नवी नवरी, सगळ्यांना चहा करायची.

मधल्या काळात मी भूकंपाकडंही वळले. नांदेडला जमिनीतून गुरगुर ऐकू येऊ लागली तेव्हा आमच्या विभागात हादरे मोजायचं यंत्र बसवलं. लोक घरी फोन करून विचारायचे, "म्याडम, आज रात्री अंगणात झोपावं का घरात?" एकदा यंत्रानं लांबलचक, एका लयीत हादरे नोंदवले. मी रात्रभर जागून नकाशावर वर्तुळं काढली. सकाळी शिपायानं सांगितलं, मागच्या गल्लीत वरात होती, डीजे होता. ती वर्तुळं मी अजून जपून ठेवलीत, नातवंडांना हसायला.

निवृत्त होऊन लातूरला आले आणि माझ्या डोक्यात भूवारसा शिरला. म्हणजे जुनी देवळं, किल्ले जपतात तसे काही दगडही जपावेत, एवढंच माझं म्हणणं. माहूरच्या डोंगरावर चढून देवीचं दर्शन घेणाऱ्यांना पायाखालचा डोंगरही बघायला सांगा, असं मी सुचवलं, तर लोक चपला शोधायच्या निमित्तानं निघून गेले. मग विहिरीसाठी एका कार्यालयात गेले. साहेबांनी अदबीनं बसवलं.

"मंदिर किती जुनं आहे, मॅडम?"

"मंदिर नाही. विहीर आहे."

"बारव! छान. कोणत्या राजाची?"

"माझी."

त्यांनी चहा मागवला आणि विषय हवामानाकडं नेला.

घरी आले तर आमचे हे म्हणाले, "अगं, तू चाळीस वर्षं दगड राखलेस. आता एखादं झाड राख. सावली तरी मिळेल." ह्यांची बँकेतली नोकरी झाली. तिथं न वाढणाऱ्या गोष्टीला किंमत नसते.

गेल्या उन्हाळ्यात एके सकाळी मालकिणीचा फोन आला. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, शेत आता मुलगा बघतो. ती म्हणाली, "म्याडम, तुमची विहीर बुजवून राहिलो. बघायची आसंल तर या."

"बुजवून? कशाला?"

"कालवड पडली. क्रेन लावून काढली, जगली बिचारी. पर नातू आता पळायला लागलाय. माझा जीव थाऱ्यावर न्हाई."

"थांबा हो, मी येतेय!"

"ट्रॉल्या चालू हायेत," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

अहमदपूर येईपर्यंत मी ह्यांना एकदाही गाडी थांबवू दिली नाही. वाटेत भाषणं तयार केली. राष्ट्रीय ठेवा. शास्त्राची हानी. भावी पिढ्या. हे म्हणाले, "भावी पिढीच पडायला लागलीय ना त्यात?" मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

पोचलो तर ट्रॅक्टर मागं घेऊन एक ट्रॉली उलटत होती. रस्त्याचं काम चालू होतं, त्यातला उकरलेला मुरूम फुकटात मिळत होता. मुलगा काठावर उभा राहून हात करत होता, अजून मागं, अजून मागं. मी जाऊन ट्रॅक्टरपुढं उभी राहिले. हॅट होती डोक्यावर, तीच जुनी.

"म्याडम, बाजूला व्हा. खामखा लागंल."

"अरे, ही विहीर जगात एकच आहे!"

"तशी तर माझी कालवड बी एकच हाय."

"जाळी बसवू या. मी बसवते."

"जाळीवर पोरगं चढतंय. घराची जाळी त्यानंच वाकवली."

"कठडा बांधू."

"बांधला होता. दगडं न्हेली लोकांनी." मग तो जरा नरमला. "हे बघा म्याडम, पाण्याची विहीर आसती तर मी हात लावला न्हाई आसता. आजीनं, आईनं, जिची ओटी भरली तिच्यात कुणी माती टाकंल का? पर हिची ओटी भरलीच न्हाई. ही विहीर न्हाई, खड्डा हाय. खड्डा बुजवायला कसलं पाप?"

ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून राहिला होता. मी तोंड लपवायला म्हणून काठाशी गेले आणि आत डोकावले.

ट्रॉल्या सगळ्या एकाच बाजूनं उलटत होत्या, त्यामुळं काठापासून खालपर्यंत मुरमाची घसरण झाली होती. तळाचा गुलाबी दगड जवळजवळ सगळा गेला होता. मुरूम भरत भरत वर आला होता तो मातीच्या थराच्या जरा खाली, उभं राहिलं तर थर कमरेशी येईल इतका. दोन-चार ट्रॉल्यांत थर झाकला जाणार होता. पण अजून झाकला नव्हता.

मी खाली बसले आणि घसरणीवरून सुटले. साडी, गुडघे, पट्टे, सगळ्यांसकट. वरून ह्यांचा आवाज आला, "अगं! अगं, वय बघ!" मी तळाशी जाऊन बसकण मारली, उठले आणि भिंतीशी गेले.

इतकी वर्षं मी त्या थराशी टोपलीतून किंवा दोराला लटकून गेले होते. एक हात दोराला, एक वहीला, तोंड नेमकं दुसऱ्या बाजूला. आज दोन्ही पायांवर उभी राहून दोन्ही हातांनी मी त्याला धरलं. चष्मा पुसला आणि जवळून पाहिलं. मातीचा वरचा भाग लाव्ह्यानं भाजून विटेसारखा लाल झालेला, ते ठाऊकच होतं. पण त्या लाल भागातून खाली, बारीक बारीक, केसांसारख्या पांढुरक्या रेषा उतरत होत्या. फाटे फुटलेल्या. मुळं. लाव्हा यायच्या आधी इथं काहीतरी हिरवं उगवलेलं होतं आणि त्याची मुळं जागेवर राहिली होती. माझ्या पीएच.डी.त स्पष्ट लिहिलंय, 'या थरात जीवसृष्टीच्या खुणा आढळत नाहीत.' मार्गदर्शकांनी त्या वाक्याचं कौतुक केलं होतं.

मी एकटीच खदाखदा हसायला लागले. वर सगळ्यांना वाटलं, डोक्याला मार लागला.

तेवढ्यात घसरणीवरून आणखी काहीतरी आलं. मालकीण. नऊवारीचा काष्टा आवरत, माझ्यासारखीच बसून. तिचा मुलगा वरून ओरडत होता, "आई, तू काऊन उतरली!" ती मुरूम झटकत उभी राहिली.

"काय झालं वो, अक्का? पाणी लागलं का काय आता?"

"नाही. मुळं लागली." मी तिचं बोट धरून रेषेवर ठेवलं. वर लाव्हा कुठला, खाली दगड कुठला, मध्ये कुणाचं रान होतं, सगळं सांगितलं. या खेपेला इंग्रजी आलं नाही. ती बोटानं रेषेच्या फाट्यावरून फिरत राहिली.

"याच्यापायी दरसाल पोरं घिऊन येत होता?"

"हाव."

"मंग आमाला कधी काऊन न्हाई दाखवलं?"

"तुम्ही चहा करत होता."

"तुमच्याच पोरांसाठी करून राहिले होते की!" ती म्हणाली. "ह्या घरी नांदाया आले त्या वर्षी खोदली ही. गावानं मला 'म्याडमच्या विहिरीवाली' म्हणून चिडवलं. अन् आत काय हाय ते आज बघून राहिले."

ती मुरमावर टेकली. आत गार होतं. वर मे महिना पेटला होता आणि इथं भिंतीतून थंडावा येत होता. तिनं घसरणीकडं पाहिलं, मग भिंतीकडं, मग पुन्हा घसरणीकडं.

"यवढ्यातून कालवड चढून येईल," ती म्हणाली.

"येईल."

"पोरगं बी येईल. खेळंल उलट." तिनं मान वर केली. "अरं ए! बास कर! पुरं झालं!"

"काय पुरं झालं?" वरून मुलगा. "निम्माच भरलाय!"

"निम्माच ठेव. उतार नीट कर, जनावर उतरंल असा. उन्हाळ्यात शेरडं बांधीन इथं. गोठ्यात तळमळत्यात."

"शेळ्या? अहो, शेळ्या माती चाटतात!"

"चाटतातच की. मीठ आसतंय मातीत."

"मग ही भिंत..."

"म्याडम," ती शांतपणे म्हणाली, "तुमाला भिंत पायजे, मला सावली पायजे. एकतर शेरडं, न्हाईतर मुरूम. बोला."

आम्ही तिथंच बसून सौदा केला. शेळ्या पलीकडच्या भिंतीला, जिथं थर मुरमाखाली गेलाय. या बाजूला मी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालायचं. विद्यार्थी आले तर त्यांनी चहा स्वतः करायचा. मुलगा वरून म्हणाला, "अन् कुणी पडलं तर?" तिनं मला ढोसलं. मी म्हणाले, "कुणी पडलं तर जबाबदारी माझी."

पावसाळ्यानंतर विद्यार्थ्यांची एक तुकडी येऊन गेली. ती पोरं भिंतीला हात लावून उभी राहिली, एकमेकांना मुळं दाखवत. मी बोलायला तोंड उघडलं, तर मालकिणीनं आधीच सुरू केलं होतं. इथपत्तुर खालचा दगड, इथून वरचा, मधी कुणाचं तरी रान. पोरांनी सगळं लिहून घेतलं. एकानं विचारलं, "मावशी, पाणी कुठंय?" ती म्हणाली, "पाण्याचं म्याडमला विचारा, तो त्यांचा विषय हाय."

परवा तिचा फोन आला. आवाज जरा पडेल होता.

"म्याडम, एक सांगते, रागावू नका. पाठ सुटली. कुंपणातून मान घातली तिनं."

पाठ म्हणजे मोठी न झालेली शेळी. "किती खाल्लं?"

"जिभंएवढं."

"वरचं लाल, का खालचं हिरवं?"

ती बघायला गेली असावी, कारण मागं शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजायला लागल्या. मग म्हणाली, "लाल. पर मुळाला हात न्हाई लागला. बाजूनं खाल्लंय."

"हुशार आहे," मी म्हणाले. "दावं आखूड करा तिचं."